बिनझडपेची खिडकी

चिंचवड स्टेशनाच्या पलीकडे आमची चाळ आहे. ती बांधणाऱ्या कोंडाजींचा अंदाज असा होता, की कारखाने आले म्हणजे माणसं येणार आणि माणसं आली म्हणजे त्यांना डोक्यावर काहीतरी लागणार. अंदाज चुकला नाही. डोक्यावर त्यांनी स्लॅब घातला, आणि खोली दाखवताना ते नेहमी वर बोट करत. "कौलं नाहीत, पत्रा नाही. स्लॅब आहे, राव." पावसाळ्यात तोही गळतो, पण स्लॅब गळला की भाडेकरूला आपण शहरात राहतो असं वाटतं. प्रत्येक खोलीला एक दार आणि एक खिडकी. खिडकीला गज, आणि गजांच्या आतून लाकडाची एकच जाडजूड झडप.

ही झडप सगळ्या खोल्यांना आहे, कस्तुराच्या खोलीला नाही. पौषातल्या थंडीत ती गजांवर जुनं लुगडं टांगते, तेही वरून वीतभर मोकळं ठेवून. मागे कुणीतरी गजांतून हात घालून तिचा पितळी तांब्या नेला. तेव्हा कोंडाजी स्वतःच्या खर्चानं झडप बसवून द्यायला तयार झाले. चाळीच्या इतिहासात ही घटना एकदाच घडली आहे. कस्तुरा नको म्हणाली. नव्या बिऱ्हाडांना वाटतं, बाई विक्षिप्त आहे. विक्षिप्त ती मुळीच नाही. मत्सरी आहे. हे मी तिच्या तोंडावर बोललो आहे. ती धान्य निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "असंन."

कस्तुरा पारनेरकडची, सातवी पास. तिचा नवरा जयसिंग मावळातला. मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात भट्टीवर कामाला. भट्टीवरचा माणूस असल्यानं त्याला आग, वाफ आणि वायू यांच्याविषयी बरंच शिकवलेलं होतं. कंपनीनं सुरक्षेच्या घोषवाक्यांची स्पर्धा घेतली तेव्हा त्याला दुसरं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. 'डोळे उघडे ठेवा, घरचे वाट पाहतात' हे त्याचं वाक्य कंपनीनं रंगवून भिंतीवर लावलं, आणि एक प्रत फ्रेम करून त्याला दिली. ती फ्रेम त्यानं खोलीत खिडकीच्या शेजारी लावली. पुढे जे झालं ते त्या फ्रेमच्या समोर झालं, एवढं वाचकानं ध्यानात ठेवावं.

जयसिंग रांगत होता तेव्हाच त्याची आई गेली. त्याची आत्या केसरबाई तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली. मूलबाळ नव्हतं. तिनं त्याला वाढवलं. हे लग्न ठरताना कस्तुराला सांगण्यात आलं होतं, आणि तिनं ते चांगल्या अर्थानं घेतलं होतं. सासू नाही म्हणजे सासुरवास नाही. पण लग्नानंतर तिच्या लक्षात आलं, की सासू समोर नसली तरी तिच्या हातची चव घरात असते. तिनं चहा केला की जयसिंग म्हणे, "आत्या आलं ठेचून घालते." तिनं ठेचून घातलं की म्हणे, "ती आधी गूळ टाकते." डोकं दुखलं की आत्याचा लेप, ठेच लागली की आत्याची हळद. जयसिंग हे कुरकुरून बोलत नसे; आठवण आली म्हणून बोले, आणि कस्तुराला तेच जास्त लागे. जिला तिनं लग्नात आणि पहिल्या दिवाळीत, असं दोनदाच पाहिलं होतं, तिच्यावर ती दोन वर्षं जळत होती. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत विटेची आणि पातळ आहे. ती काही अडवत नाही.

मग बहात्तर साल आलं. पारनेरकडे पाऊस पडलाच नाही, आणि इकडे कस्तुराला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. पण माहेरचं घरच्या घर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेलं. तिच्या आईनं निरोप पाठवला, "प्यायला टँकरचं पानी हाय. तुला न्हाऊ कशानं घालू? हितं नको येऊ, बाई." कस्तुरा त्या दिवशी फार रडली. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं की माहेरच्या काळजीनं रडते आहे. तेही होतंच. पण जयसिंग शेजारच्या दारात उभा राहून आनंदानं म्हणाला होता, "मग आत्यालाच बोलावून घेतो!"

केसरबाई आली ती लोकलनं, डोक्यावर बोचकं आणि हातात शेगडी घेऊन. शेगडी लोखंडी, तीन पायांची, एक पाय किंचित वाकडा. दारात पाऊल टाकायच्या आधी तिनं ती कस्तुरासमोर ठेवली. "हिच्यावर तुजा नवरा शेकलाय," ती म्हणाली. तिला प्रेमच दाखवायचं होतं. कस्तुरानं शेगडीकडे सवतीकडे पाहावं तसं पाहिलं.

मुलगी झाली. दवाखान्यात, व्यवस्थित. केसरबाईनं मुलगी म्हणून तोंड वाकडं केलं नाही. उलट तिचं नाक जयसिंगसारखं आहे असं जाहीर केलं. कस्तुराचं नाक कुणी विचारात घेतलं नाही. बारशाला नाव ठेवलं वैजयंता, तेही केसरबाईच्या आईचं. हाक मारायला वैजू.

घरी आल्यावर केसरबाईनं खोलीचा ताबा घेतला. सकाळी मायलेकींना कढत पाण्यानं न्हाऊ घालायची, मुलीच्या टाळूवर तेल जिरवायची, वेखंड लावायची, ओव्याची धुरी द्यायची. मग अंगणात लोणारी कोळसा फुलवून शेगडी आत आणायची, बाजेखाली सरकवायची आणि खिडकीची झडप लावून फटीत बाळोत्याची चिंधी कोंबायची. वाऱ्याचं एक बोट आत आलेलं तिला चालत नसे. "वारं बाळाच्या टाळूतनं शिरतं," असं ती सांगे. ते पुढे कुठे जातं हे तिनं सांगितलं नाही आणि चाळीतल्या कुणी विचारलं नाही.

फक्त एका बाबतीत तिचं स्वतःच्या नियमाशी जमत नसे. तिला मिश्रीचं व्यसन होतं. घटकाभर बसली की ती थुंकायला बाहेर जाई, आणि जाताना दार सताड उघडं टाकी. तोंड धुऊन, जाईच्या वेलाला पाणी घालून, आमच्या ओळीतल्या अंबूबाईशी चार शब्द बोलून मग परत येई. असं दिवसभर चाले. कस्तुराला याची शिसारी येई. "खिडकीला चिंध्या कोंबत्यात आन् दार उघडं टाकत्यात," ती सुमनला म्हणाली. "एकतर धड भ्यावं, न्हाईतर भिऊ नये."

खिडकीवरून पहिला खटका उडाला तो दवाखान्यातल्या नर्सबाई घरी येऊन गेल्यावर. नर्सबाई आत आल्या, डोळे चोळले, आणि खिडकी उघडी ठेवा, खोलीत कोळसा पेटता ठेवू नका, असं सांगून गेल्या. त्यांची पाठ वळताच केसरबाईनं झडप लावली.

"आत्याबाई, त्या काय म्हणल्या ऐकलं ना?"

"ऐकलं की. भैरी न्हाई मी."

"मग उघडा. कोंडतंय पोरीला."

"तिला कोंडतंय का तुला? ती बग कशी झोपलीया." आणि मग, "नर्सबाईला पोरं किती हाईत?"

"लग्न व्हायचंय त्यांचं."

"मंग!"

"तुमाला तरी कुठं..." कस्तुरा म्हणाली आणि थांबली.

भिंतीच्या अलीकडे सुमन भाकरी थापायची थांबली. नंतर केसरबाईचा आवाज आला, नेहमीचाच. "मला न्हाई. म्हनून तर दुसऱ्यांची जपून सांबाळती."

संध्याकाळी प्रकरण जयसिंगपुढे गेलं. त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या. कस्तुराला तो म्हणाला, "नर्सबाईंचं खरं आहे." आत्याला म्हणाला, "तुझंबी बरोबर हाय." मग डबा घासून ठेवला का म्हणून विचारलं. भट्टीजवळ उभं राहताना दारं उघडी ठेवायची, हे तो रोज नव्या पोरांना शिकवत असे. पण भट्टी कंपनीत होती आणि शेगडी आत्याची होती. या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात कधी एकत्र आल्या नाहीत.

कस्तुराचं म्हणणं बरोबर होतं. पण ते बरोबर असल्याबद्दल तिला शाबासकी द्यावी असं मला वाटत नाही. ती खिडकीसाठी भांडत नव्हती. मूल तिच्याजवळ रडे. पाजलं, पाठीवर थोपटलं, गाणं म्हटलं, तरी रडे. आता रडेल की काय या धास्तीनं तिचं अंग ताठ होई आणि ताठ मांडीवर कुणालाच झोप येत नाही. केसरबाई बाजेवर मांडी घालून बसे, वैजूला आडवी घेई, गुडघा हलवे, आणि मूल तोंड उघडं टाकून झोपी जाई. बायका बघायला येत. अंबूबाई तर दाराशी उभी राहून मोठ्यानं म्हणे, "आत्याबाईंच्या मांडीलाच गुण हाय बाई! आई जवळ असून पोरगी ह्यांनाच वळखती." हे कौतुक कस्तुरा चहा गाळताना ऐके. चहा गाळायला तिला अशा वेळी फार वेळ लागे.

तिनं सुमनला एकदा सांगितलं, "दूध माझं पिती. पिऊन झालं की मान तिकडं फिरवती."

"अगं, एवढंसं मूल. त्याला काय कळतं?"

"मला कळतं ना."

अशातच केसरबाईनं नवीन टूम काढली. इथं खोली लहान, रेल्वेचा आवाज, कारखान्यांचा धूर. (धुराचं नाव तिनं काढलं, हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे.) त्यापेक्षा दोघींना गावाला नेते, चैतापर्यंत राहू द्या. जयसिंग म्हणाला, "बघू. एकादशी झाली की ठरवू." त्याच्या 'बघू'चा अर्थ कस्तुराला माहीत होता. तिच्याशी लग्न करायचं की नाही असं विचारल्यावरही तो 'बघू' म्हणाला होता आणि पुढच्याच महिन्यात मांडव पडला होता. गावाला केसरबाईचं घर, केसरबाईची चूल, केसरबाईची माणसं. तिथं आपण पोरीला पाजायला ठेवलेली बाई होऊन बसू, आणि परत येईतो ती आपल्याला ओळखणारही नाही, अशी तिची खात्री झाली. एकादशीच्या आत मूल आपल्याजवळ झोपतं हे जयसिंगला दाखवायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात राहिलं.

एकादशीला केसरबाई आणि अंबूबाई देहूला निघाल्या. निघण्यापूर्वी केसरबाईनं एक गोष्ट केली. चिंधी ओढून काढली आणि झडप सताड उघडली. ऊन आत आलं.

"घे. तुजी खिडकी," ती म्हणाली. "आज तुजं राज्य."

यात टोमणा किती आणि माघार किती, हे सांगता येत नाही. दोन्ही असावं. मी त्या दिवशी कामावर होतो. पुढचं सुमनकडून ऐकलेलं आहे. सुमन गोष्ट फुगवून सांगत नाही. फक्त दोनदा सांगते.

त्या दिवशी खिडकी उघडी होती, शेगडी कोपऱ्यात गार पडली होती, हवा उत्तम होती. म्हणजे कस्तुरा जे महिनाभर मागत होती ते सगळं तिला मिळालं होतं. आणि वैजूनं जे रडायला सुरुवात केली ती थांबेचना. खिडकी उघडी असल्यानं ते रडणं पार रस्त्यापर्यंत गेलं. नळावरची एक बाई बादली घेऊन जाता जाता गजांतून डोकावली आणि म्हणाली, "आज आत्याबाई न्हाईत वाटतं?"

ती बाई वाईट नव्हती. तिनं नुसतं विचारलं. कस्तुरानं तिच्या तोंडावर झडप लावली.

मग तिनं चिंधी उचलली आणि फटीत कोंबली. शेगडी पेटवली. आत्याबाई करतात ते आपण करायचं आणि त्यांच्याहून नीट करायचं, असं तिनं ठरवलं. आत्याबाई कोळसा जपून घालत. तिनं शेगडी शिगोशीग भरली. आत्याबाई मिश्रीपायी दार उघडं टाकत. ती चूक तिनं केली नाही. दार लावलं, वरची कडी घातली, आणि उंबऱ्याशी सतरंजीची घडी सरकवली. मग बाजेवर मांडी घालून बसली, केसरबाई बसे तशीच, आणि गुडघा हलवू लागली.

वैजू झोपली.

आधी हुंदके कमी झाले, मग मूठ सुटली, मग तोंड उघडं पडलं. कस्तुरा बघत राहिली. तिचं डोकं ठणकत होतं, पण सकाळपासून एवढी रड ऐकल्यावर कुणाचंही ठणकलं असतं. अंग जड झालं होतं. महिनाभर झोप नव्हती. सगळ्याला कारण होतं. गाल लाल झालेली, शांत पोर मांडीवर घेऊन ती बसली होती, आणि आयुष्यात इतकी सुखी ती कधी नव्हती, असं ती अजूनही सांगते. तिथंच डोळे मिटून ती आडवी झाली असती तर ही गोष्ट इथं लिहिण्यासारखी राहिली नसती.

पण हे कुणी पाहिलं नव्हतं. मूल आपल्या मांडीवर झोपलंय आणि चाळीत एकीलाही त्याची खबर नाही, हे तिला सोसेना. आत्याबाईंची मांडी सगळ्यांनी पाहिली होती. आपली एकीनं तरी पाहायला हवी, आणि ती आता, पोरगी उठायच्या आत. तिनं वैजूला बाजेवर ठेवलं आणि सुमनला बोलवायला उठली. पाय आपले नाहीत असं वाटलं. भिंतीला धरून दारापर्यंत आली. कडी काढायला तिला फार वेळ लागला. एकीच्या दोन कड्या दिसत होत्या. दार उघडलं आणि "सुमनताई, या, बघा" एवढं म्हणून ती उंबऱ्यावर आडवी पडली.

सुमन आली ती हात पिठाचे घेऊन. कस्तुराला ओकारी झाली होती आणि ती हातानं आत दाखवत होती. आतली हवा सुमनच्या छातीत बसली. तिनं वैजूला उचलून अंगणात आणलं. मान लुळी पडली होती. गाल मात्र लाल, गोंडस. सुमननं तळवे चोळले, पाठ चोळली, तोंडावर फुंकर घातली, नाव घेऊन हाका मारल्या. थंडीचे दिवस होते, अंगणात वारं होतं. केसरबाई महिनाभर ज्याला भीत होती तेच वारं पोरीच्या टोपड्यातून, टाळूवरून गेलं. आणि वैजू आधी बारीक कण्हली, मग रडली. असं रडली की ओळीतली सगळी दारं उघडली. उंबऱ्यावर पडल्या पडल्या कस्तुरा म्हणाली, "रडतीय ना? माझ्याजवळ द्या."

दोघींना दवाखान्यात नेलं. कोळशाचा वायू, डॉक्टर म्हणाले. आणखी थोडा वेळ गेला असता तर हात टेकले असते. दुपार टळल्यावर दोघी परत आल्या. तोवर चाळीनं निकाल दिला होता. म्हातारीची शेगडी. म्हातारीची खिडकी. नर्सबाईंनी बजावलं होतं, पण ऐकतंय कोण. काल मांडीला गुण होता त्याच मांडीला आज दोष लागला.

केसरबाई आली तेव्हा जयसिंग दारातच उभा होता. तिच्या कपाळाला बुक्का होता आणि पदराच्या गाठीत लाह्या. गाठ सोडत ती म्हणाली, "कुठंय माजी वैजू? परसाद..."

"मेली असती!" जयसिंग ओरडला. आत्याशी तो आयुष्यात पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलत होता, त्यामुळे आवाज कुठे थांबवायचा हे त्याला माहीत नव्हतं. "दोघी मेल्या असत्या! तुझी ती शेगडी! तुला नर्सबाईंनी सांगितलं, हिनं सांगितलं, खिडकी लावू नको, लावू नको! उद्याच्या गाडीनं गावाला जा तू!"

चाळ गोळा झालेली होती. कस्तुरा आत बाजेवर वैजूला घेऊन बसली होती. ती सांगते, त्या क्षणी तिला सगळं मिळालं होतं. आत्याबाई जाणार, एकट्या जाणार. गावाला नेण्याचा विषय संपला. मूल तिचं, नवरा तिचा, चाळ तिच्या बाजूची. आणि यासाठी तिला काही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

केसरबाई आत आली. तिनं खिडकीकडे पाहिलं. झडप दवाखान्यात जायच्या गडबडीत कुणीतरी उघडली होती, पण चिंधी खाली पडलेली होती, उंबऱ्याशी सतरंजीची घडी होती, आणि शेगडी तिनं कधी भरली नसती एवढी राखेनं भरलेली होती. सकाळी आपण खिडकी उघडून गेलो हे तिला ठाऊक होतं. कस्तुराला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. तिनं एकदा कस्तुराकडे पाहिलं, लाह्यांची गाठ परत बांधली, आणि जयसिंगला म्हणाली, "जाते बाबा. चुकलं माजं."

आता इथं एखादा लेखक असं लिहील की कस्तुराचं काळीज पाघळलं. मी तिला पुढे विचारलं आहे. ती म्हणाली, काळीज वगैरे काही नाही. रागानं डोकं भणाणलं. मूल आत्याबाईंजवळ झोपतं, नवरा त्यांना मानतो, बायका त्यांचं गातात. आणि आता माझा दोष स्वतःवर घेऊन मोठ्या पण त्याच होणार? एवढंही मला मिळू देणार नाही?

"खिडकी मी लावली," कस्तुरा म्हणाली.

जयसिंग खिडकीकडे वळला.

"आत्याबाई उघडी ठेवून गेल्या होत्या. मी लावली. शेगडी मी पेटवली, कडीबी मी घातली."

"का?"

"ती माझ्याजवळ झोपत न्हवती."

बाहेर जमलेल्या बायकांनी आपापल्या चुली आठवून घेतल्या. केसरबाई खाली बसली. शेगडीकडे पाहिलं, मग तिच्या धुराची वाट शोधावी तशी नजर भिंतीवरून वर नेली, आणि स्लॅबवर थांबली. बराच वेळ ती वर पाहत होती.

"हितनं धूर जातो कुठनं रं?" तिनं विचारलं.

"जात न्हाई," जयसिंग म्हणाला.

"आपल्या घरात कौलातनं जातो. झडप लावली काय, न लावली काय," ती म्हणाली. "म्हयना झाला हितं येऊन. येकदाबी वर बगितलं न्हाई मी."

मग ती उठली. "पेच काडायचं काय हाय का तुज्याकडं?"

जयसिंगनं स्क्रूड्रायव्हर काढून दिला आणि मी काढतो म्हणाला. तिनं त्याला बाजूला सारलं. पत्र्याच्या ट्रंकेवर चढून म्हातारी झडपेच्या बिजागरीशी झटू लागली. पेच गंजलेले होते. खालची बिजागरी सुटली आणि झडप लोंबायला लागली, तेव्हा कस्तुरानं वैजूला जयसिंगकडे दिलं आणि झडप खालून धरली. धरली नसती तर ती म्हातारीच्या पायावर पडली असती. हा विचारही तिच्या मनात येऊन गेला, असं ती प्रामाणिकपणे सांगते.

"मग आत्या, गावाला न्यायचं...?" जयसिंगनं मागून विचारलं. त्याला विषय सुचायची वेळ नेहमीच अशी.

"तिला इचार," केसरबाई पेच फिरवत म्हणाली. "पोरगी तिची हाय."

"न्हाई जायचं," कस्तुरा म्हणाली. जे ऐकायला ती महिनाभर झुरत होती ते तिला ऐकायला मिळालं होतं. तेही आत्याबाईंच्याच तोंडून मिळावं, याची तिला आतल्या आत चीड आली.

झडप बाजेखाली गेली. "पोर मोटी झाली की मी येऊन लावते," केसरबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती नळावर गेली आणि ज्या घरात तान्हं मूल होतं त्या घरांना सांगून आली, की स्लॅबच्या खोलीत शेगडी ठेवू नका, ठेवली तर खिडकी उघडी टाका. दुपारपर्यंत आमच्या ओळीतल्या खिडक्या उघडल्या. कस्तुरा सुमनकडे येऊन बसली. "म्हयनाभर मी काय वेगळं सांगत होते?"

"तू नर्सबाईंचं नाव सांगत होतीस," सुमन म्हणाली. "त्या स्वतःचं सांगतात."

शेगडी अंगणात गेली, न्हाण्याचं पाणी तापवायला. एक आशा कस्तुराला होती: मूल मांडीवर झोपत नव्हतंच, त्या वायूनं गुंगत होतं. ती आशा आठवडाभरही टिकली नाही. खिडकी उघडी, शेगडी बाहेर, गजांतून ऊन येतंय, आणि वैजू केसरबाईच्या मांडीवर पहिल्यासारखीच तोंड उघडं टाकून झोपे. कस्तुरानं हे फार मनाला लावून घेतलं. फरक एवढाच झाला, की वैजू तिच्याजवळ रडली तर ती आता ताठ होत नसे. रडू देई. कान देऊन ऐके, आणि मध्येच रडणं थांबलं तर हलवून पाही. असं करता करता कधीतरी मूल तिच्याजवळही झोपायला लागलं. कधी, ते तिला सांगता येत नाही. बघायला कुणाला बोलवायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

केसरबाई होळीनंतर गावाला गेली. मिश्रीची डबी विसरली आणि शेगडी मुद्दाम ठेवून गेली. त्यानंतर दोन-तीनदा आली, पण झडपेचं राहून गेलं. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात ती गावालाच वारली. कोंडाजी झडप बसवून देतो म्हणाले ते त्यानंतर. कस्तुरा म्हणाली, "आत्याबाईंनी काढलीय. त्या लावणार होत्या. तुमी मधी पडू नका."

परवा ओळीच्या टोकाला नवीन बिऱ्हाड आलं, बायको आठव्या महिन्यातली. तिनं खिडकीचं विचारलं. वैजू आता दहाव्या वर्षात आहे, आणि ही गोष्ट तिच्या मालकीची आहे असं तिला वाटतं. ती म्हणाली, "आमच्या आजीनं काढली. आजी म्हणाली खिडकी उघडी ठेवा, म्हणून मी वाचले."

"खिडकी उघडी ठेवा, असं आधी मी म्हटलं होतं," आतून कस्तुरा म्हणाली. "आजीच्या म्हयनाभर आधी."

"हो गं आई," वैजू म्हणाली. "पण काढली कुणी?"

मग कस्तुरा दारात आली, त्या नव्या पोरीला आत बोलावलं, आणि बाजेखालची झडप ओढून दाखवली. "एकटीनं न्हाई काढली," ती म्हणाली. "खालून मी धरली होती."